सातवा पाय

अंबडला, गाळा नंबर एकवीसमध्ये
वीस बोर्ड टेबलावर, हिरवे, कोरे करकरीत,
आणि एकही शुद्धीवर नाही.
पिंपळगावच्या शीतगृहातले पंखे चालवायचेत त्यांना.
रिले धरतो, सोडतो, कुरकुरतो.
बोट जवळ नेलं की दिवा लागतो,
बोट काढलं तरी लागलेलाच;
खैरनार साहेब शिंकले तेव्हा विझला.

नकाशा मी तीनदा तपासला.
सॉफ्टवेअर म्हणतं : चुका शून्य, इशारे शून्य.
खरंच होतं त्याचं.
दिसत होतं तेवढं सगळं जोडलेलं होतं.

गांगुर्डे मावशींनी भिंग ओढलं,
बोर्ड उताणा केला, चिमट्याच्या टोकानं मोजलं.
"मॅडम, चिपला पाय चौदा.
तुमच्या कागदावर बाराच."

दोन लपवलेले असतात, मावशी.
एक विजेचा, एक जमिनीचा.
सगळ्यांनाच लागतात, म्हणून कोणी काढत नाही.
नाव जुळलं की आपोआप जोडले जातात.
"कुठलं नाव?"
जीएनडी.
"आणि तुम्ही काय लिहिलंत?"

शून्य व्होल्ट.

म्हणजे चारही चिपांचे सातवे पाय
एकमेकांचे हात धरून उभे,
आणि चौघेही अधांतरी.

अण्णा जमिनीला अर्थ म्हणायचे.
सातपूरच्या कारखान्यात वायरमन.
काळा पाषाण फोडून खड्डा,
मिठाचा थर, कोळशाचा थर, पुन्हा मीठ.
मे महिन्यात सुट्टीच्या दिवशीही सायकल काढायचे,
झाकण उचलून दोन बादल्या पाणी ओतायचे, झाकायचे.
मालकाला पत्ता नसायचा.
"अर्थ कोरडा पडला की मशीन माणसाला धरतं."
मला वाटायचं, ते काहीतरी गहन बोलतायत.
ते फक्त मशीनबद्दल बोलत होते.

मावशींनी निळी तार सोलली,
राळेचा धूर, चांदीचा एक थेंब.
टक्.
रिले बसला, बसूनच राहिला.
एकोणीस राहिले.

मी 'लपलेले पाय दाखवा'वर खूण केली.
नकाशाभर पाय फुटले,
गिचमिड, एकमेकांत अडकणारे;
एकेक हातानं बांधत बसले.
खालच्या कोपऱ्यातली चौकट नेहमीसारखी रिकामी :
तपासणारे.

आठ वर्षं झाली.
मावशी, तुमचं पहिलं नाव काय?

तिसऱ्या बोर्डावरून मान न उचलता
त्या म्हणाल्या, "कशाला?"