आज किती?

दिलावरचाचांनी नकाशा काढला तो
साखर कारखान्याच्या कॅलेंडरच्या पाठीवर,
उद्यमनगरात बत्तीस वर्षं लेथ चालवलेल्या हातानं,
म्हणून वळणंसुद्धा मापात.
प्रत्येक रस्त्याच्या कडेला एक आकडा.
किलोमीटर नव्हेत, चढही नव्हे:
सकाळी सहा ते आठ
समोरून, मागून आलेली वाहनं.

गगनबावड्याचा हमरस्ता: मोजता येत नाही.
जोतिबा: रविवार सोडून.
पन्हाळा: पोरं गाड्या उडवतात, नको.
कळ्याला उजवीकडं वळून बाजारभोगाव: एकोणीस.
काळजवड्याच्या पुढं, पडसाळीचा चढ: चार.
त्या चारखाली दोन रेघा,
शाळेत उत्तराखाली मारायचो तशा.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांची सायकल माझ्याकडं आली.
सीट दीड इंच खाली घेतलं, बाकी काही बदललं नाही.
"पैसे नकोत शालनताई. वर पोचलीस की फोन कर.
आकडा सांगायचा."

पाच वाजता रंकाळ्यावर अंधार.
फुलेवाडीच्या नाक्यावर दुधाचे कॅन उतरतात.
बालिंग्याच्या पुलाखाली भोगावती आहे
हे नुसतं गारव्यावरनं कळतं.
कळ्यापर्यंत उसाच्या ट्रॉल्या,
एकीचं लोंबतं वाडं माझ्या दंडाला घासून गेलं,
दुसरीत टेप मोठ्यानं, ड्रायव्हर जागा की झोपेत कोण जाणे.
मी पांढऱ्या पट्टीवर.
पट्टी संपते तिथं मातीत.

मग वळण,
आणि कुणी खोलीतला पंखा बंद करावा
तसं.
पंखा चालू होता हे तेव्हाच कळतं.

चेनचा आवाज. माझाच श्वास.
गुऱ्हाळाचा धूर रस्ता ओलांडतो सावकाश,
त्याला कुणी हॉर्न देत नाही.

चढ आधी पाहुण्यासारखा बोलावून घेतो,
मग हिशेब मागतो.
मी बँकेत रोखपाल, मोजणं हातातलं काम,
पण वळणं मोजायला लागलं की पायांना कळतं,
म्हणून फक्त वाहनं.
एक: मुक्कामाची एसटी, खाली उतरताना. कंडक्टर हात वर करतो.
दोन: दुधाची मोटरसायकल.
मग बराच वेळ कुणीच नाही.
करवंदीच्या जाळीआडनं एक म्हातारी, डोक्यावर गवताचा भारा,
"उतर की गं. ढकलत ने. कोण बघतंय हितं?"
उतरले.
शहरात उतरायला लाज वाटली असती.

वर फोन लागतो तो एकाच दगडापाशी.
"आज किती?"
"तीन."
"बैलगाडी धरलीस?"
"नाही."
"बरोबर. बैलगाडी म्हंजे वाहन नव्हं, शेजार."

असे चौदा रविवार.
चार, तीन, पाच. एकदा दोन,
तेव्हा चाचा इतका वेळ गप्प राहिले
की वाटलं, रेंज गेली.

गेल्या रविवारी डंपर.
ताडपत्री न बांधलेले, लाल माती भरून,
चढाच्या प्रत्येक वळणावर मला कठड्याला चिकटवत.
दातांत धूळ घेऊन दगडापाशी उभी राहिले, म्हटलं,
"चार."

"आणि आत्ता मागं वाजला तो?"

"पाच."

"शालन."

"अकरा."

पलीकडं ड्रॉवर उघडल्याचा आवाज.
बराच वेळ काहीतरी शोधल्याचा.
"पेन्सिलनं काढलाय तो त्यासाठीच," म्हणाले,
मग कागदावर खोडरबर, तो इथवर ऐकू आला.
"कोलीकच्या अंगाला एक रेघ हाय बघ, तुटक.
तिथं आकडा न्हाई. मी गेलोच नव्हतो,
तवा डांबर नव्हतं."
"आता आहे?"
"मला काय म्हाईत. तू बघ."

पाणी प्याले. थोडं चुळ भरून थुंकले, लालसर.
उताराला लागायच्या आधी
दोन्ही ब्रेक एकदा दाबून बघितले.
खाली वळणावर धूळ अजून उभी होती,
तिला बसायला वेळ दिला.