रंध्याची बंडी

मागच्या भिंतीला एक भोक होतं,
वीतभर रुंद, चार बोटं उंच.
दहा फुटी फळी मशीनमध्ये घातली
की तिचं डोकं निघायचं
थेट इंदूबाई नेवारेच्या गोठ्यात.
तिची शेळी आधी दचकायची,
मग ताजं रंधलेलं सागवान हुंगत बसायची.
अकरा वर्षं असं चाललं.
आता गोठ्याच्या जागी स्वयंपाकघर आलं.
"भाऊ, तुह्या फळीचा भुसा माह्या फोडणीत पडते," म्हणाली
आणि भोक सिमेंटनं बुजवून टाकलं,
घमेलं माझंच नेऊन.

उरला पुढचा दरवाजा.
लांब फळी असली की मशीन दारापाशी न्यायची,
काम झालं की परत आत.
वजन अडीच क्विंटल.
टेम्पोतून उतरवली तेव्हा सहा जण होते,
त्यातले दोघे तर नुसते रस्त्यानं चाललेले.
आज हाक मारली तर येतो शालिक,
एका गुडघ्यात स्टील घालून,
आणि आचल, सहावीतली.

म्हणून चाकं.

बापानं आयुष्यभर चाकं केली.
बाभळीचा तुंबा, बारा आरे, सहा पाटे,
त्यावर लाल तापवलेली धाव,
पाणी ओतलं की चर्र होऊन
सगळं चाक मूठ मिटावी तसं आवळून यायचं.
मी वणीहून चार आणली, रबरी,
तळहाताएवढी, साडेसहाशेला, कॅरीबॅगमध्ये.
दुकानदार म्हणाला, गॅरंटी नाही.
बापाची गॅरंटी साधी होती:
मोडलं तर बंडी कुठं जाणार? इथंच.

शेडमागं एक बंडी पडून होती,
रामकृष्ण ढेंगळेनी दुरुस्तीला टाकलेली,
बाप होता तेव्हाची.
पुढं त्यांच्याकडे ट्रॅक्टर आला.
फोन केला, म्हटलं, तुमच्या बंडीचं काय करू?
"कोनती बंडी?" त्यांचा मुलगा म्हणाला.
मी ठेवून दिला फोन.

धुऱ्या येनाच्या, वाळून काळ्या पडलेल्या.
करवत दोनदा अडली.
तिसऱ्यांदा आत लपलेल्या खिळ्यावर गेली,
तीन दात खाऊन बसली.
खिळा बापानं ठोकलेला.
शिवी ओठावर आली,
द्यायची कोणाला ते कळेना.

चौकट अडीच बाय दोन.
खाचेत कुसू बसवले, वरून बोल्ट,
कारण मशीन थरथरते आणि
माझा माझ्या कुसवांवर तेवढा विश्वास नाही.
सुतळीनं दोन्ही कर्ण मोजले:
गव्हाच्या दाण्याइतका फरक.
बापानं उकलायला लावलं असतं.
मी राहू दिला.

मशीनच्या आधी आचल बसली.
शालिकनं लंगडत ढकललं,
अंगणाच्या सारवणात चार बारीक रेघा.
बायको ओरडायला बाहेर आली,
पाहत राहिली,
म्हणाली, "माह्या कोठीलेही अशीच कर ना एक."

थ्री फेज रात्री साडेअकराला आली.
बटण दाबलं, फळी लावली,
आणि मशीन निघाली.
हळूहळू, दाराकडं,
गाडीवान झोपला तरी बैल
घरची वाट धरतात तशी.
ब्रेकवाली चाकं नव्वद रुपये जास्त होती, दर चाकामागं.
मी खांदा लावून उभा,
अडीच क्विंटल आणि मी,
"दगड आण, दगड!"
आचलनं दगड नाही आणला.
ढेंगळेच्या धुरीचे दोन तुकडे आणले,
उताराचे, पाचरीसारखे,
कापताना मीच फेकलेले.
तिनं ते चाकाखाली सारले.
थांबली.

आता रोज तसंच करतो.
सकाळी देवळाच्या चौकटीची फळी
दारातून बाहेर निघाली, गल्लीत,
पाच फूट, सहा फूट, भुसा उडवत.
तिकडून इंदूबाईची शेळी आली.
ती जुनी नाही, तिची नात असेल.
टोकाला नाक लावून उभी राहिली.
दचकली नाही.