पाच नंबरचं मशीन

शनिवारी पावणेबाराला
नेस्टा प्रॉबर्ट पक्षाची नेता झाली
तेव्हा माझ्या दुकानात आठपैकी सहा मशिनं फिरत होती
आणि पाच नंबरचं गळत होतं, नेहमीसारखं.

रेडिओवाल्याने आकडा दोनदा वाचला.
एकदा आम्हाला,
एकदा स्वतःला.
मग स्टुडिओत कुणीतरी हसलं,
माइक बंद आहे असं समजून.

"बुडाला पक्ष!" डेरिक खाटीक,
रक्ताळलेले ॲप्रन ड्रममध्ये कोंबत.
"शाळेतली आचारीण! राजापुढे काय, कस्टर्ड ठेवणार?"
माजी नगरसेवक प्रॉसर रजई घेऊन आले होते.
त्यांनी दुसऱ्या बाईला मत दिलेलं, सगळ्या खोऱ्याला ठाऊक.
म्हणाले, नव्याचे नऊ दिवस,
आणि निवडणूक नेमकी दहाव्या दिवशी असते.
मेरेरिड रात्रभर म्हाताऱ्यांच्या कुशी बदलून
बाकावर टेकली होती, एक बूट काढून.
ती रडली.
झोप झाली नाही म्हणून, असं म्हणाली.

बाहेर फुटपाथवर कायरन नाचत होता,
दोन कॉफीच्या पैशात पक्षाचा सभासद झालेला,
वय एकोणीस,
मोजे तीन नंबरमध्ये.
रोवेना मनिलाची, हॉस्पिटलात असते.
तिने विचारलं, "संसदेसाठी मला मत देता येईल?"
नाही गं, अजून नाही.
"असू दे," म्हणाली, आणि चादरीची घडी घातली
चारही कोपरे जुळवून.

मी काहीच बोलले नाही.
कोळसा उगाळावा तितका काळाच
हे या खोऱ्याला कुणी शिकवू नये,
आम्ही तो फुप्फुसांत उगाळलाय.

संपाच्या वर्षी नेस्टा अठरा वर्षांची होती,
चॅपलमागच्या खोलीत बटाटे सोलायची,
तीनशे घरांचे.
अकराव्या महिन्यात माझा बाप
जाळ्या लावलेल्या बसमधून कामावर गेला.
बाराव्यात संपच मोडला.
एक महिना. फक्त एक.
त्या महिन्याचं नाव आमच्या दारावर राहिलं,
रंग देऊनही.
आमचं ताट बंद झालं त्या संध्याकाळी
नेस्टाने मागच्या दाराने मला एक बटाटा दिला,
वर्तमानपत्रात गुंडाळलेला, इतका गरम
की मी तो या हातातून त्या हातात करत घरी नेला.
हे मी कुणाला सांगितलेलं नाही.
रेडिओवाला तर विचारणारही नाही.

इडवल दर शनिवारी येतो, बायको गेल्यापासून,
ऑक्सिजनचा सिलिंडर चाकांवर ओढत.
गावात दुसरं दुकान नाही, नाहीतर आला नसता.
नाणी माझ्या हातात देत नाही,
काउंटरवर ठेवतो.
बापाचं देणं मी असं दर शनिवारी फेडते,
चिल्लर गोळा करत.

आज तो नेस्टाचं सगळं भाषण उभ्याने ऐकत राहिला.
फार लांबलं ते.
तिने इतक्या जणांचे आभार मानले
की डेरिकसुद्धा कंटाळून गप्प झाला.
मग मशीनकडे बघत इडवल म्हणाला,
"तुझा बाप असता तर?"

सहा वर्षांत पहिलं वाक्य.
चाळीस वर्षांत, खरं तर.
मी म्हटलं, "शिव्या दिल्या असत्या.
आणि मत दिलं असतं.
आणि कुणाला सांगितलं नसतं."

त्याच्या छातीतून काहीतरी वर आलं,
हसू की खोकला, कळलं नाही.
नाणी त्याने काउंटरवरच ठेवली.
एक घरंगळलं, थेट पाच नंबरखाली.
त्याला वाकता येत नाही.
मी गुडघे टेकले, थंड साबणाच्या पाण्यात हात घातला,
आणि वर रेडिओवर कुणीतरी विचारत होतं,
हे सगळं किती दिवस टिकेल?