तासांचा रकाना

फॉर्मवर एक रकाना असतो: भूगोल, एकूण तास.
दर जुलैत माझं पेन तिथे येऊन अडतं.

नेब्रास्कातल्या वाळूच्या टेकड्यांत आमचं कुरण.
शाळेची बस जिथून माघारी वळते
तिथून पुढे एकेचाळीस मैल.
गवत, गाई, तीन पवनचक्क्या,
आणि महिन्यातून एकदा पुस्तकांची गाडी,
तीसुद्धा रस्ता बर्फाखाली गेला नसेल तर.

फेब्रुवारीत तिच्यातून एक करकोचा उतरला.
कव्हर सुटलेलं, शेवटचं पान फाटलेलं.
गोष्टीतला तो दक्षिणेच्या दलदलीतून निघतो,
आमच्याच राज्यातल्या उथळ नदीत
रात्रभर एका पायावर झोपतो,
आणि सकाळी उत्तरेकडे
बस्स. पुढे नुसता दोरा, शिवणीतून लोंबणारा.

ऑरिन म्हणाला, मेला असणार.
डेला म्हणाली, गप रे, पोचला असणार.
पण कुठे?
ह्या एका शब्दावर आमचा अख्खा मार्च गेला.

मी काढला माझ्या सासऱ्यांचा नकाशासंग्रह,
ज्यात काही देश अजून फुटायचे आहेत.
जेवणाच्या टेबलावर दोघं गुडघ्यांवर चढली,
लाल लोकर, पीठ मळताना उरलेला चिकटा,
एका बोटपेराला तीनशे मैल.
कॅनडा सरला. अलास्का सरला.
मग कागदच सरला.
करकोचा डाव्या कडेवर, पंख अर्धे हवेत.

ऑरिनने बराच वेळ त्या कडेकडे पाहिलं
आणि न विचारता ते पान फाडून
त्याची सुरळी केली.
डावी कड उजवीला टेकली.
"हा बघ, सैबेरिया," तो म्हणाला,
जसं कुणी म्हणावं, हा बघ, माझा मोजा.
पृथ्वी गोल आहे हे मी त्याला दोनदा सांगितलं होतं.
फुकट.

डेलाला मात्र मधलं पाणी पुरेना.
समुद्र म्हणजे केवढा? त्याचा वास कसा?
मी कधी पाहिला नाही. तसं सांगितलं.
तिने गाईंच्या चाटणातला मिठाचा खडा आणला,
पेल्यात विरघळवला, हुंगला,
आणि नाक मुरडून म्हणाली, गाईचाच वास येतो.
वेंडेल दारात बूट काढत होता.
तो सहसा वासरांपलीकडे बोलत नाही.
म्हणाला, आपल्या पायाखाली आहे की पाणी,
ह्या वाळूत मुरलेलं, मैलोन्‌मैल.
मग आम्ही चौघं थंडीत, अंधारात,
पवनचक्कीच्या नळाला कान लावून उभे.
लोखंड इतकं गार की कान चिकटला.
आत काहीतरी चढत होतं, थांबत होतं, चढत होतं.

महिनाअखेरीला पहाटे तीन वाजता निघालो, नदीवर पोचलो.
त्यांच्याबद्दल मी लिहिणार नाही.
एवढंच, की उजाडताना पाण्याचा एक तुकडा
उठून उडून गेला असं वाटलं
आणि डेलाने माझ्या कोटाची गुंडी तोडली.
परतताना ऑरिन तणतणत होता:
पुस्तकात त्यांचा आवाज चुकीचा लिहिलाय.
घरी येऊन त्याने तो खोडला, पेन्सिलीने,
गाडीच्या पुस्तकात!
आणि बरोबर तरी कसा लिहायचा ते न सुचून
पाच वाकड्या रेघा ओढल्या.

शेवटचं पान डेलाने काढलं. चिकटवलं.
त्यात करकोचा आहे, बर्फ आहे,
आणि का कोण जाणे, आमची लाल जीप.

मिसेस कुचेरांनी पुस्तक उघडलं, चष्मा वर केला,
मी पर्स उघडून दंडाची वाट पाहत राहिले.
त्यांनी ते पुन्हा मांडणीत ठेवलं,
पाठ बाहेर करून.

आता जुलै. रकाना.
नळाशी उभं राहिलो ते धरायचं का?
गुंडी शिवताना डेला
सैबेरियात आत्ता किती वाजले विचारत होती, ते?
मी साठ लिहिते. खोटं आहे.
कमी की जास्त, ते विचारू नका.

टेबलाला लोकरीचं एक टोक अजून चिकटलेलं आहे.
पुसताना मी फडकं त्याच्या बाजूने वळवते.