सातवा ते चौदावा

सकाळी डोस संपला. सुई काढली,
कापसाचा बोळा दाबून धरायला सांगितला
आणि मी स्टूल ओढून बसले.
शेवंती डोर्लेकर, वय एकसष्ट, गाव खाडीपलीकडे.
माझ्या हातात घरी जाण्याचा कागद, दोन्ही बाजूंनी छापलेला.
तिला वाचता येत नाही. मला पोहता येत नाही.
हे आमचं पहिल्या सायकललाच बोलून झालं होतं.

पाणी उकळून गार केलेलं.
केळं चालेल, साल काढता येतं ते चालेल.
करवंदं नकोत. तोंड आलेलं असताना सोलकढी नको.
इथे तिने माझ्याकडे असं पाहिलं
जणू मी मापात मारलंय.

दोन दिवस कपडे वेगळे धुवायचे,
सुनेने हातमोजे घालायचे, घरात गर्दी नको.
"म्हंजे इटाळासारखं?" तिने विचारलं, हळू.
शेजारच्या खाटेवर मुकादमभाभींनी कूस बदलली.
नाही हो. लोकांना तुमच्यापासून नाही,
तुम्हाला लोकांपासून जपायचं.
"मंग ह्ये येगळं," ती म्हणाली.
"पन वाडीला सांगनार कोन?"
त्याला कागदावर ओळ नव्हती.

तापाचं मी दरवेळी सावकाश सांगते.
शंभर पॉइंट चार.
थर्मामीटरच्या काचेवर बोट ठेवून दाखवलं:
एक, शून्य, शून्य, ठिपका, चार.
तिने ते मनातल्या मनात टोपलीत मोजलं,
"बांगड्याचा शेकडा, वर चार बारके."
एवढा ताप आला की वाट बघायची नाही,
गोळी घेऊन झोपायचं नाही,
निघायचं. रात्र असली तरी.
"शेवटची फेरीबोट गेली असली तर?"
मी गप्प.
"होडी हाय," तिनेच मला धीर दिला.
"जावय शुद्धीत असला तर वल्हवनाराबी हाय."

मग पेशी.
सातव्या दिवसापासून पांढऱ्या पेशी उतरतात, मी म्हटलं,
चौदाव्याच्या आसपास परत चढायला लागतात.
त्या सैनिक असतात, असं आम्हाला शिकवलेलं,
शरीर म्हणजे किल्ला, तट, शत्रू...
तिने हात वर केला, सुईचा निळा डाग असलेला.
"आज अवस. म्हंजे अष्टमीला भांग.
भांगेचं पानी चढत नाय, होडी चिखलात बसते.
तवा मानूस होडी ढकलीत नाय, जाळी शिवतो.
मंग पुनव येतेच की."
येते, मी म्हटलं.
बहुतेक येते, रिपोर्ट बघून सांगू,
असं म्हणायला हवं होतं.
ते मी म्हटलं नाही.

कागदाची घडी चंचीत गेली, थर्मामीटर चंचीत,
जिथे बाजाराची चिल्लर असायची.
"सिस्टर, येक ऱ्हायलं.
मासळीचा वास सोसत नाय मला.
सून पाटी घेऊन दारात आली तरी पोटात ढवळतं.
चाळीस वर्सं त्याच वासावर पोरं वाढवली.
ह्ये कागदात हाय काय?"

होतं. छापलेलं होतं, मागच्या बाजूला,
उग्र वास टाळावेत.
मी वाचून दाखवलं नाही.

बारा वाजता जावई आला, भांग पाडून, शुद्धीत.
त्याने पिशवी उचलली.
तिने डोक्यावरचा रुमाल घट्ट केला
आणि चुंबळ नसतानाही चुंबळीच्या मानेने
वॉर्डातून ताठ चालत गेली.

मी चादर बदलली.
दुपारी त्याच खाटेवर घाटावरचे एक मास्तर यायचे होते,
समुद्र फक्त सहलीत पाहिलेले.
त्यांच्या कागदामागे पेन्सिलीने एक रेघ काढली,
खाली जाणारी, मग वर,
आणि बसून राहिले थोडा वेळ,
होडी चिखलात बसते ते
मला सांगता येईल का, बघत.