हातचा

सत्काराला त्यांनी शाल नाही, चादर दिली,
मोरांची, प्लॅस्टिकच्या पिशवीसकट.
एप्रिलमध्ये. एक्केचाळीस अंशांत.
प्राचार्य कस्तुरे मॅडम माइकवर म्हणाल्या,
"गणित अध्यापनातलं मूलभूत संशोधन,"
आणि त्याच श्वासात
चार वर्षांच्या नव्या अभ्यासक्रमाला मान्यता, पन्नास जागा,
शिवाय बहुभाषिक शिक्षणातलं पदव्युत्तर, तीस.
टाळ्या नेमक्या कशाला पडल्या, कळलं नाही.
मागच्या रांगेतून हत्तरकी भाऊसाहेबांनी
खुणेनं विचारलं, सिंगल की डबल?

प्रबंधात ती पान एकशे बारावर आहे.
विद्यार्थिनी क्रमांक सतरा. इयत्ता दुसरी. विडी घरकुल.
घरात तेलुगू, शाळेत मराठी,
गल्लीत दोन्ही, आणि भांडायला थोडी कानडी.
त्रेपन्नातून अठ्ठावीस वजा कर म्हटलं
तर नुसती बघत राहिली.
हातचा घे की, मी म्हणाले.
तिनं स्वतःचे हात पाहिले.
पुढे, मागे.
तक्त्यात मी लिहिलं: प्रतिसाद नाही.

आई भूलक्ष्मी. मांडीवर सूप, सुपात जर्दा,
कात्री तेंदूच्या पानावर, नजर माझ्यावर.
संमतीपत्रावर अंगठा घेतला,
तो शाईच्या आधीच पिवळा होता.
नाव कुठंही छापणार नाही, मी ग्वाही दिली.
"नाव नाही छापायचं तर विचारायलाव कशाला?"
याचं उत्तर
संशोधन पद्धतीच्या एकाही पुस्तकात सापडलं नाही,
आणि मी ते दहा वर्षं शिकवते आहे.

मग एका संध्याकाळी, नळाला पाणी यायचं होतं,
आई हंडे मांडायला बाहेर,
ही दोरा गुंडाळत कट्टे बांधत बसलेली.
ओठ हलत होते.
इरवै ऐदु. याभै. डेब्बै ऐदु. वंद.
हजाराला चाळीस कट्टे, एकही इकडंतिकडं नाही.
चेकरनं बावीस छाटल्या
तर किती कट्टे मोडले, सुट्या किती राहिल्या,
हे ती चेकरच्या आधी सांगायची,
आणि चेकरला ते आवडायचं नाही.

परतताना रिक्षात, अशोक चौकाच्या सिग्नलला,
मी तिचं गणित तिच्यासारखं करून पाहिलं.
त्रेपन्न म्हणजे दोन कट्टे, तीन सुट्या.
अठ्ठावीस म्हणजे एक कट्टा, तीन सुट्या.
उरला एक कट्टा.
हातचा लागतच नाही.
उसनवारी आमच्या दहाच्या घरात होती,
तिच्या घरात नव्हती.
सिग्नल सुटला तरी रिक्षावाला माझ्याकडेच बघत होता,
मी मोठ्यानं बोलले असणार.

बाह्य परीक्षक म्हणाले, नमुना लहान आहे.
म्हटलं, हो सर, सात वर्षांची होती.
कुणी हसलं नाही.

चादर कपाटात टाकून प्रबंध घेऊन गेले.
काळं बाइंडिंग, सोनेरी अक्षरं.
भूलक्ष्मीनं हात पुसून घेतला, वजन पाहिलं, खाली ठेवला.
ती आता पाचवीत.
म्हणाली, पानं किती?
दोनशे पंच्याहत्तर.
"अकरा कट्टे," ती म्हणाली,
आणि दोरा शोधायला लागली.
मला बोटं मोडून ताळा करावा लागला.

काल अभ्यास मंडळाची बैठक झाली.
पहिलं सत्र, घटक दोन: गणना आणि घरची भाषा.
मी लिहिलं, पंचवीसचा पाया. उदाहरण, कट्टा.
डॉ. पुदाले चष्म्यावरून म्हणाले, छान.
संदर्भ?
लेखक, वर्ष, प्रकाशक, असा रकाना आहे.
तिचं नाव मला माहीत आहे.
शब्द दिलेला आहे.
पेन टेकवलं, उचललं.
भाऊसाहेब दारात उभे,
पाच वाजता टपाल निघतं.