प्रत्येकी साठ शब्द

ऋग्वेदाचा निरोप आलाय.
ऋग्वेद म्हणजे आमच्या पुरवणीचा संपादक,
वय सव्वीस, तसा वाईट नाही मुलगा.
ताई, उद्या दुपारपर्यंत. वाचन, शरद ऋतूची फॅशन,
मालिका, संगीत. प्रत्येकी साठ शब्द.
सूर प्रसन्न ठेवा.

कोपरखैरण्यात शरद म्हणजे
कोपऱ्यावरची सातवीण.
सात वाजले की तिचा वास
बंद खिडक्यांतूनही आत येऊन बसतो,
जेवल्याशिवाय न उठणाऱ्या पाहुण्यासारखा.
अप्पा म्हणतात, डोकं धरलं, पंखा वाढव.
पंखा पाचावर आहे.
पाचाच्या पुढे आकडा नाही.

मी लिहिते: यंदा मातकट रंगांची चलती आहे,
गळ्याभोवती हलकासा स्कार्फ असू द्या.
आणि पदराने मान पुसते.

खरं विचाराल तर यमुनाबाई गोळ्यांकडे जा.
माथाडी वसाहतीत, गिरणीला लागून,
जिन्याखाली मशीन.
गेल्या मंगळवारी आईची मोतिया साडी घेऊन गेले होते,
कुर्ता होईल का विचारायला.
त्यांनी टेप गळ्यातच राहू दिली,
पदर उचलून नाकाशी धरला.
म्हणाल्या, अजून वास आहे हिला.
धुऊन आण. नाहीतर आणूच नको.
परत आणली. धुतली नाही.
शरद ऋतूची फॅशन: वरच्या खणात, आहे त्या घडीवर.

(हे साठांत बसलं असतं.
सूर बसला नसता.)

मालिका कुठलीही चालेल, आवाज बंद करून बघा.
अप्पा तशीच बघतात.
सून दारात उभी, डोळे भरलेले,
सासू वळते, पुन्हा वळते, तिसऱ्यांदा वळते,
आणि अप्पा पलंगावरून तिचं वाक्य म्हणतात:
गाडी रिकामी झाली का? बटाटा भिजला असेल.

संगीतात मी सरोदची एक नवी ध्वनिफीत सुचवली आहे.
नऊ मिनिटं ऐकली. बरी आहे.
वरच्या मजल्यावरचा शार्दूल मात्र
जूनपासून एकच कायदा वाजवतोय,
आणि एकाच ठिकाणी अडखळत होता,
तिरकिटच्या जरा आधी,
पायरी आहे समजून पाय टाकावा तसा.
परवा तो न अडखळता पार गेला.
बिल्डिंगमध्ये कुणाला कळलंही नाही.
फक्त अप्पांचं बोट, पलंगाच्या कडेवर ठेका धरलेलं,
जुन्या जागी थांबलं
आणि मागे राहिलं.

उरलं वाचन.
पाचशे पानांची कादंबरी सुचवली आहे,
मी एक्केचाळिसाव्या पानावर आहे,
खूण म्हणून पाण्याचं बिल,
ते भरायचंही राहिलंय.

रात्री वाचते ते वेगळं.
अप्पा तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात मापाडी होते,
बावीस वह्या आहेत लाल पुठ्ठ्याच्या,
रोजची आवक, रोजचा भाव.
जेवण झालं की म्हणतात, काढ.
मी कुठलंही पान उघडते,
ते डोळे मिटून ऐकतात, पोथी ऐकावी तसे,
मध्येच बोट वर करून दुरुस्त करतात:
नगरचा नव्हे. जुन्नरचा.
पान बघते तर जुन्नरचाच.
सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही त्यांना.

आज त्र्याण्णवचा ऑक्टोबर निघाला.
कांदा जुना, दहा किलो, अठ्ठावीस ते पस्तीस.
लसूण गावठी, आवक कमी.
त्याखाली, समासात, पेन्सिलीने:
हिला ताप. अर्धा दिवस.

मी थांबले.
ते नको वाचू, अप्पा म्हणाले.
डोळे मिटलेलेच होते.
भाव वाच.

बटाटा, तळेगाव, मी म्हटलं,
बावीस ते सव्वीस.
आणि फोन वाजला, ऋग्वेदाचा,
अंगठा वर केलेलं चित्र,
खाली एक ओळ:
ताई, सातवीण म्हणजे नक्की काय?